ऑस्कर सोहळा आणि त्याचं बदलतं रूप: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत पिफच्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) रांगेत आणि मार्चमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी तेच प्रश्न फिरतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. ती तटस्थ मात्र नाहीत. एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेमुळे या शहरात ध्वनी, संकलन, छायालेखन शिकलेली माणसं पैशाला पासरी सापडतात. त्यांच्या संगतीत हा सोहळा पाहिला की तारे-तारकांपेक्षा 'तांत्रिक' म्हणून कडेला सारलेल्या पुरस्कारांकडेच लक्ष जातं.

सोहळा आपल्याकडे नेमका किती वाजता लागतो? दर वर्षी वेळ बदलते का?

सोहळा लॉस एंजेलिसमध्ये रविवारी दुपारी सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट असते. पूर्वी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेनुसार रात्री आठला सुरुवात व्हायची. २०२४ पासून ती सातला आणली, कारण रात्र चढली की तिकडचा प्रेक्षक शेवटचे, म्हणजे सगळ्यात मोठे पुरस्कार सोडून झोपायला जायचा.

आपला गोंधळ होतो तो अमेरिकेतल्या घड्याळांमुळे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे सरकवतात. सोहळा त्याआधी असला तर आपल्याकडे साडेपाच, त्या दिवशी किंवा नंतर असला तर साडेचार. २०२४ चा सोहळा १० मार्चला होता, तेव्हा साडेचारला उठावं लागलं. २०२५ चा २ मार्चला होता, तेव्हा साडेपाच. तारीख पाहून गजर लावा. गेल्या वर्षीच्या गजरावर विसंबू नका.

हा कार्यक्रम पहिल्यापासून इतका लांबलचक होता का?

छे. पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवुडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. पाच डॉलरचं तिकीट, सुमारे २७० पाहुणे, जेवण, आणि मग जेमतेम पंधरा मिनिटांत पुरस्कारवाटप. विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झालेली, त्यामुळे उत्कंठा वगैरे काही भानगडच नव्हती. धंद्यातल्या लोकांचं स्नेहभोजन म्हणा ना.

मग एकेक माध्यम आत शिरत गेलं. १९३० मध्ये रेडिओ आला, १९५३ मध्ये दूरचित्रवाणी, १९६६ मध्ये रंग. कॅमेरा आला आणि त्या जेवणाचा कार्यक्रम झाला, कार्यक्रम म्हटल्यावर जाहिराती आल्या, आणि जाहिराती म्हटल्यावर प्रेक्षकसंख्या. २००२ चा सोहळा तर चार तास तेवीस मिनिटं चालला होता. आपल्याच व्यवसायातल्या माणसांचा सत्कार करायचा की घरी बसलेल्या प्रेक्षकाला खिळवून ठेवायचं, हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही. खाली ज्या बदलांबद्दल प्रश्न आहेत ते बहुतेक सगळे या पेचातूनच आलेत.

बंद लिफाफा कधीपासून?

१९४१ पासून. त्याआधी निकाल वर्तमानपत्रांना आगाऊ देत आणि रात्री अकरापर्यंत छापू नका अशी अट घालत. १९४० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने संध्याकाळच्या अंकातच नावं छापून टाकली. पाहुणे सभागृहाकडे निघालेले आणि हातात अंक! पुढच्या वर्षीपासून लिफाफे सीलबंद झाले.

२०१७ चा घोळही लिफाफ्याचाच. मंचाच्या दोन्ही बाजूंना लिफाफ्यांचा एकेक संपूर्ण संच असतो. अभिनेत्रीच्या पुरस्काराचा शिल्लक राहिलेला लिफाफा चित्रपटाच्या पुरस्काराच्या वेळी हातात पडला आणि 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं. त्यांची भाषणं चालू असताना कळलं की जिंकलाय 'मूनलाइट'.

संकलन, ध्वनी वगैरे पुरस्कार कार्यक्रमातून काढून टाकले होते म्हणे. खरं आहे का?

पुरस्कार काढले नव्हते, थेट प्रक्षेपणातून हलवले होते. हा प्रकार दोनदा झाला आणि दोन्ही वेळा अंगाशी आला.

पहिल्यांदा २०१९ मध्ये. छायाचित्रण, संकलन, लघुपट आणि रंगभूषा-केशभूषा हे चार पुरस्कार जाहिरातींच्या वेळात देऊन टाकायचे आणि त्यांची कापलेली चित्रफीत नंतर दाखवायची, असं ठरलं. छायाचित्रण आणि संकलन! सिनेमातून ही दोन वजा केली तर उरतं काय? छायालेखक आणि दिग्दर्शक मंडळी इतकी खवळली की आठवड्याच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला.

तरी २०२२ मध्ये तेच पुन्हा, आणि या वेळी आठ पुरस्कार: संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, कलादिग्दर्शन, रंगभूषा-केशभूषा, लघु माहितीपट, ॲनिमेशन लघुपट आणि लघुपट. थेट प्रक्षेपणाआधी तासभर ते डॉल्बी थिएटरमध्ये देण्यात आले आणि त्यांचे तुकडे मूळ कार्यक्रमात अधूनमधून चिकटवले. कारण सांगितलं वेळ वाचवण्याचं. प्रत्यक्षात तो सोहळा साडेतीन तासांच्या वरच गेला, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती विल स्मिथने क्रिस रॉकच्या कानाखाली लगावलेली. संकलनाच्या पुरस्काराचंच संकलन करून तो दाखवला, यावर आमच्या ओळखीच्या एका संकलकाने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२०२३ पासून सगळे पुरस्कार पुन्हा थेट दाखवू लागले.

हे पुरस्कार कंटाळवाणे असतात हे तरी मान्य करा. आपल्याला त्यांचं काय?

भारताच्या वाट्याला स्पर्धेतून आलेली ऑस्करं जरा मोजून पाहा. भानू अथैया, आपल्या कोल्हापूरच्या, १९८३ मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी. रसूल पुकुट्टी, २००९ मध्ये ध्वनिमिश्रणासाठी, आणि ते शिकले लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयमध्ये. त्याच रात्री ए. आर. रहमान पार्श्वसंगीतासाठी आणि गुलजारांसोबत गाण्यासाठी. २०२३ मध्ये 'नाटू नाटू' हे गाणं आणि 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा लघु माहितीपट.

यात नट-नटी कुणी नाही, दिग्दर्शनाचा पुरस्कार नाही. लघु माहितीपट हा तर २०२२ मध्ये बाजूला काढलेल्या आठांपैकी एक. तो पुन्हा थेट दाखवायला लागले त्याच वर्षी आपण जिंकलो. ते पुरस्कार आणखी एक वर्ष पडद्याआड राहिले असते तर कार्तिकी गोन्सालवीस आणि गुनीत मोंगा यांना मंचावर जातानाही आपण थेट पाहू शकलो नसतो. तेव्हा हे पुरस्कार लागले की चहा टाकायला उठणाऱ्यांनी थोडा विचार करावा. चहा गाण्यांच्या वेळी टाका. तसंही २०२५ मध्ये नामांकित गाणी मंचावर सादरच केली नाहीत.

आणखी एक. रसूल पुकुट्टींना ज्या विभागात पुरस्कार मिळाला तो विभाग आता नाही. ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंकलन हे वेगळे पुरस्कार २०२१ च्या सोहळ्यापासून एकत्र करून एकच 'ध्वनी' केला. दोन्ही कामं किती वेगळी आहेत हे एफटीआयआयच्या कुठल्याही ध्वनीच्या विद्यार्थ्याला विचारा, पण बस चुकणार नाही ना ते बघून विचारा.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाच नामांकनं असायची. ती दहा कशी झाली?

पाचाची परंपराही मुळातली नाही. १९३० आणि ४० च्या दशकांत आठ, दहा, बारा असे आकडे होते. पाच ठरले १९४५ च्या सोहळ्यापासून आणि २००९ पर्यंत टिकले. त्या २००९ मध्ये बॅटमॅनवरच्या 'द डार्क नाइट'ला या विभागात नामांकन मिळालं नाही आणि लोक भडकले. लोकांनी पाहिलेले चित्रपट यादीत नसतील तर लोक सोहळा कशाला पाहतील, हा हिशोब होता. म्हणून २०१० मध्ये दहा केले. दोन वर्षांनी पाच ते दहा असा लवचीक आकडा आला, कधी आठ, कधी नऊ. २०२२ पासून पुन्हा पक्के दहा.

मधेच २०१८ मध्ये 'लोकप्रिय चित्रपट' असा वेगळा पुरस्कार सुरू करण्याची घोषणा झाली होती. ऑगस्टमध्ये घोषणा, सप्टेंबरमध्ये गुंडाळली. बरं झालं. लोकप्रिय वेगळा आणि उत्कृष्ट वेगळा असं एकदा कागदावर लिहून दिलं की दोघांचाही अपमान होतो.

दहांमधून विजेता ठरतो कसा? ज्याला जास्त मतं तो?

बाकी सगळ्या विभागांत तसंच. फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रम द्यावा लागतो. तुम्ही पुणे पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल तर हे समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत: नावापुढे १, २, ३ असे आकडे. आधी पहिल्या पसंतीची मतं मोजतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर तळाचा चित्रपट बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात. कुणीतरी निम्मा आकडा ओलांडेपर्यंत हेच चालू.

परिणाम असा की काहींना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा असलेला चित्रपट मागे पडू शकतो, आणि बहुतेकांना दुसरा-तिसरा वाटणारा पुढे येऊ शकतो. निकालानंतर 'हा कसा जिंकला?' असा प्रश्न पडला तर उत्तर अनेकदा या मोजणीत असतं.

मत कोण देतं? ते सगळे चित्रपट पाहतात तरी का?

हे पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे सदस्य मत देतात. त्यांची संख्या आता दहा हजारांच्या वर आहे आणि अमेरिकेबाहेरचे, भारतातलेही कितीतरी त्यात आहेत. नामांकनं बहुतेक विभागांत त्या त्या शाखेतले लोक ठरवतात: संकलक संकलनाची, नट अभिनयाची. अंतिम मतदान सगळे सदस्य सगळ्या विभागांत करतात.

पाहतात का? इतकी वर्षं ते सदस्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये नियम आला: एखाद्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिले नसतील तर त्या विभागात मत देता येणार नाही. अकादमीच्या स्वतःच्या ऑनलाइन दालनात पाहिलं की नोंद होते, महोत्सवात किंवा थिएटरात पाहिलं असेल तर अर्ज भरून तसं सांगायचं. लबाडीला वाव आहेच. पण गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या वक्तृत्व स्पर्धेतही परीक्षक सगळी भाषणं ऐकतात, त्यामुळे हा नियम यायला सत्त्याण्णव सोहळे जावे लागले याचंच जास्त आश्चर्य वाटतं.

'अमुक चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत' अशी बातमी दर जानेवारीत येते. म्हणजे नामांकन मिळालं का?

नाही, नाही आणि नाही. या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण दर वर्षी यावरून पेढे वाटले जातात.

पायऱ्या तीन आहेत. पहिली, पात्र चित्रपटांची यादी. अमेरिकेतल्या ठरवून दिलेल्या सहा महानगर क्षेत्रांपैकी एकात चित्रपट थिएटरमध्ये सलग सात दिवस चालवला, कागदपत्रं वेळेत भरली की तुम्ही सर्वसाधारण विभागांसाठी पात्र. जानेवारी २०२५ मधल्या यादीत असे ३२३ चित्रपट होते, त्यातले २०७ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागासाठीही पात्र. ही यादी म्हणजे परीक्षेचा अर्ज स्वीकारल्याची पावती.

दुसरी पायरी डिसेंबरात जाहीर होणारी संक्षिप्त यादी, ती फक्त काही विभागांसाठी असते. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात तीत पंधरा नावं असतात. इथे पोचणं खरंच मोठं. गुजराती 'छेल्लो शो' २०२२ मध्ये पोचला, मराठी दिग्दर्शक नीरज घायवान यांचा हिंदी 'होमबाउंड' २०२५ मध्ये पोचला.

तिसरी पायरी नामांकन. आंतरराष्ट्रीय विभागात पाच. इथवर भारताकडून गेलेले 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान', बस्स.

बातमीत 'शर्यतीत' हा शब्द दिसला की यातली कुठली पायरी ते आधी शोधा. बातमीत लिहिलं नसेल तर पहिलीच समजा.

मराठी चित्रपट भारताकडून गेले आहेत का?

'श्वास' २००४ मध्ये, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ मध्ये, 'कोर्ट' २०१५ मध्ये. निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती करते. 'श्वास'च्या वेळी महाराष्ट्रातून वर्गणी गोळा झाली होती, कारण चित्रपट पाठवणं वेगळं आणि तो तिकडच्या मतदारांना दाखवणं, जाहिराती देणं, खेळ लावणं वेगळं. त्याला पैसा लागतो आणि तो डॉलरमध्ये लागतो.

समितीच्या निवडीवर वाद ठरलेला. २०२४ मध्ये एफटीआयआयच्या माजी विद्यार्थिनी पायल कपाडिया कान महोत्सवात ग्राँ प्री जिंकून आल्या आणि समितीने 'लापता लेडीज' पाठवला. लॉ कॉलेज रोडवर तो विषय काढलात तर पुढचा अर्धा तास मोकळा ठेवा.

'आरआरआर' तर भारताने पाठवलाच नव्हता. मग गाण्याला ऑस्कर कसं?

देशाने पाठवणं फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागासाठी लागतं. बाकी विभाग पात्र ठरलेल्या कुठल्याही चित्रपटाला खुले असतात. 'पॅरासाइट'ने २०२० मध्ये कोरियन असून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार नेला तो असाच.

विजेत्यांची भाषणं मधेच का तोडतात?

साधारण पंचेचाळीस सेकंदांची मुदत असते, मग वाद्यवृंद सुरू होतो. २०२३ मध्ये गुनीत मोंगा यांना तोंड उघडायच्या आत संगीत लागलं. २०२५ मध्ये एड्रियन ब्रॉडी यांनी 'संगीत बंद करा' म्हणून साडेपाच मिनिटांच्या वर भाषण केलं. नटाला थांबवायची हिंमत होत नाही, लघु माहितीपटवाल्यांना थांबवायची होते. यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नाही.

जीवनगौरव पुरस्कार हल्ली दिसत नाहीत. बंद झाले का?

२००९ पासून मानद पुरस्कार नोव्हेंबरातल्या वेगळ्या मेजवानीत देतात. वेळ वाचवायला म्हणूनच. सत्यजित राय यांना १९९२ मध्ये हा मान मिळाला तेव्हा ते कोलकात्यात रुग्णालयात होते. हातात ऑस्करची बाहुली घेऊन अंथरुणावरून त्यांनी आभार मानले आणि ते चित्रण मुख्य सोहळ्यात जगाने पाहिलं. महिनाभरात ते गेले. आजच्या रचनेत ती चित्रफीत मुख्य सोहळ्यात लागली नसती.

सूत्रसंचालक असतो की नाही?

कधी असतो, कधी नसतो. २०१९ ते २०२१ अशी तीन वर्षं कुणीच नव्हतं. बॉब होप यांनी एकोणीस वेळा हे काम केलं होतं, तो विक्रम मोडायचं धाडस आता कुणी करेलसं वाटत नाही.

२०२१ चा सोहळा इतका विचित्र का वाटला?

करोनामुळे तो एप्रिलात, लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर झाला. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग निर्मात्यांमध्ये होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट शेवटी ठेवण्याची रीत मोडून अभिनेत्याचा पुरस्कार शेवटी ठेवला. दिवंगत चॅडविक बोझमन जिंकतील आणि भावपूर्ण शेवट होईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. जिंकले अँथनी हॉपकिन्स, आणि ते आलेच नव्हते. कार्यक्रम अचानक संपला. अमेरिकेत १९९८ मध्ये, 'टायटॅनिक'च्या वर्षी, साडेपाच कोटी लोकांनी सोहळा पाहिला होता. २०२१ मध्ये पाहणारे जेमतेम एक कोटी होते. २०२५ पर्यंत आकडा दोन कोटींच्या आसपास आला.

नामांकित चित्रपट पुण्यात पाहायला मिळतात का?

आंतरराष्ट्रीय विभागात वेगवेगळ्या देशांनी पाठवलेले चित्रपट जानेवारीच्या आसपास पिफमध्ये बरेचदा असतात, त्यामुळे पंधराची यादी हातात घेऊनच पिफची पुस्तिका चाळा. मोठे इंग्रजी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, एखादा आठवडा टिकतात, तेही अडनिड्या वेळेला.

नवे पुरस्कार कोणते?

पात्रनिवडीचा, म्हणजे कास्टिंगचा, २०२६ च्या सोहळ्यापासून. आणि २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात साहसदृश्यांच्या आरेखनाचा. स्टंटवाले कित्येक वर्षं मागत होते. नायकाच्या जागी हाडं मोडून घेणाऱ्यांना शंभराव्या वर्षी का होईना, रांगेत जागा मिळाली.

यूट्यूबवर जाणार म्हणजे काय होणार?

अमेरिकेतली एबीसी वाहिनी १९७६ पासून सलग हा सोहळा दाखवत आली आहे. तिचा करार शंभराव्या सोहळ्यापर्यंत आहे. २०२९ पासून २०३३ पर्यंत जगभरातले हक्क यूट्यूबकडे असतील, अशी घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. पाहायला पैसे पडणार नाहीत, आणि अनेक भाषांतले ध्वनिपट असतील असंही सांगितलं आहे.

बातम्यांत एवढंच आलं. पण त्याच करारात मानद पुरस्कारांची मेजवानी आहे, विद्यार्थ्यांच्या चित्रपटांचे पुरस्कार आहेत आणि वैज्ञानिक-तांत्रिक पुरस्कारही आहेत. कॅमेऱ्याची नवी यंत्रणा बनवणारे, ध्वनीची प्रणाली लिहिणारे लोक तिथे मंचावर येतात. आजवर मुख्य सोहळ्यात त्यांच्या वाट्याला फार तर एखादा मिनिट यायचा. आता तो अख्खा कार्यक्रम लॉ कॉलेज रोडवरच्या वसतिगृहात फोनवर लावता येईल.